जुनं लॅमिनेट फ्लोअरिंग काढताना आधी कपाटाकडची रेघ कापा

"जुन्या लॅमिनेटवरच नवं टाका, काय होतंय?" असं सांगणारा कुणीतरी प्रत्येक घरी भेटतो. त्याचं ऐकू नका. जुन्या फळ्या जमिनीला चिकटवलेल्या नसतात, खाली अंथरलेल्या फोमच्या पातळ थरावर तरंगत असतात. त्यावर दुसरा तरंगता थर आला की चालताना जमीन दबते आणि नव्या फळ्यांचे सांधे उघडू लागतात. खाली ओल किंवा वाळवी असेल तर ती दोन थरांखाली बिनबोभाट वाढत राहते. दारं घासायला लागतात ते वेगळंच. जुनं काढायचंच.

फळ्या उचलणं तसं कुणालाही जमतं. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये खरी अडचण येते ती सुताराने जागेवर बनवलेल्या कपाटापाशी. पुष्कळ घरांत आधी फ्लोअरिंग झालेलं असतं आणि मग त्यावर भिंतभर वॉर्डरोब उभा राहिलेला असतो. फळ्या थेट त्याच्या खाली गेलेल्या असतात. सुरुवातीच्या काळात या एका जागेने मला सगळ्यात जास्त छळलं, म्हणून बाकीचं थोडक्यात आणि हे सविस्तर सांगतो.

स्कर्टिंग आणि दारातली पट्टी

स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीच्या, वरच्या कडेला रंगाची किंवा सिलिकॉनची जी रेघ असते, ती कटरने कापा. मगच पटाशी घाला, आणि पटाशीमागे भिंतीला लाकडाचा तुकडा लावा, म्हणजे प्लास्टर फुटत नाही. स्कर्टिंगमागून टीव्हीची किंवा ब्रॉडबँडची वायर नेलेली असते, तेव्हा पहिला तुकडा सावकाश काढून आत बघा. दारातली अॅल्युमिनियमची पट्टी स्क्रू काढले की निघते.

कपाटालगतचा काप

हे काम शेवटी ठेवू नका. बहुतेक जण खोलीतल्या सगळ्या फळ्या काढत येतात आणि कपाटापाशी पोचल्यावर अडतात. तोवर उरलेल्या फळ्या सुट्या झालेल्या असतात, पातं लावलं की थरथरतात, काप वाकडा जातो आणि लॅमिनेटचे टवके उडतात. पूर्ण जमीन एकमेकींत अडकलेली, घट्ट असते तेव्हाच हा काप घ्यायचा.

कपाटाखालची फळी ओढून काढायचा प्रयत्न तर अजिबात करू नका. पूर्ण कपाटाचं वजन तिच्यावर आहे. पहार घालून ती उचकटली की कपाट एका बाजूने उचललं जातं आणि सरकती दारं रुळावरून उतरतात. जोर लावून ती बाहेर काढलीच, तर कपाट फळी आणि फोम मिळून साधारण १० मिमी खाली बसतं. वरच्या माळ्यापाशी फट पडते आणि कुठलंही दार नीट लागत नाही. कपाटाखालचा भाग तिथेच राहू द्या. तो कुणाला दिसत नाही आणि कपाटाला आधार देतो. अपवाद एकच. कापलेल्या कडेतून फळी भुसभुशीत, फुगलेली किंवा मातीने भरलेली दिसली, तर ती ओल किंवा वाळवी आहे. तिथे थांबा, सुताराला बोलवा आणि कपाटाला टेकू देऊन खालचा भाग बदलून घ्या.

काप कशाने घ्यायचा, यावर माझं मत पक्कं आहे: मल्टी-टूलने. चपटं पातं डावी-उजवीकडे थरथरत कापतं, ते यंत्र. गोल पात्याची करवत कपाटाच्या पट्टीपासून इंचभर लांबच राहते, कारण तिचं अंग मध्ये येतं. मार्बल कटर फिरवून देतो म्हणणाऱ्याला तर घरात घेऊ नका. फळी ८ मिमीची, खालचा फोम २-३ मिमीचा. हात जरा जड पडला की पातं सरळ खालच्या फरशीत जातं आणि तिच्यावर कायमची खाच पडते. शिवाय दगड कापायचं पातं लाकूड कापत नाही, जाळतं.

कपाटाच्या खालच्या उभ्या पट्टीला चिकटून जमिनीवर मास्किंग टेप लावा. पट्टीच्या लॅमिनेटवरही एक टेप लावा, नाहीतर पात्याचे चट्टे उठतात. पात्यावर टोकापासून ८ मिमीवर रंगीत टेपची खूण करा. फळी १२ मिमीची असेल तर खूण तेवढ्यावर. आता पूर्ण लांबीवर एकदा फक्त वरचा थर कापला जाईल इतकी उथळ रेघ मारा. या पहिल्या फेरीत घाई केली की सगळं बिघडतं. रेघ सरळ आली की पुढच्या फेऱ्यांत पातं त्याच खाचेत आपोआप बसतं. मग थोडं थोडं खोल जा.

कानाने आणि भुशाने काम करा. फळी कापली जात असते तोवर भुसा तपकिरी, पिठासारखा येतो. तळाशी पोचलात की हाताला लागणारा रेटा एकदम नाहीसा होतो आणि फोमचे पांढरे कण वर येतात. तिथे लगेच थांबा.

मध्येच जळका वास आला, धूर दिसला, तर दाब कमी करा. फळीतलं राळेसारखं गोंद तापतं आणि पातं निकामी होतं. लॅमिनेटच्या वरच्या थरात अॅल्युमिनियम ऑक्साइड असतो, ओरखडे येऊ नयेत म्हणून. तोच पात्याची धार खातो. एका कपाटाला दोन-तीन पाती लागू शकतात. बोथट पात्यावर जोर लावत बसण्यापेक्षा जास्तीची पाती आधीच आणून ठेवा. भुसा फार बारीक असतो आणि त्यात फॉर्मल्डिहाइडचं गोंद असतं, तेव्हा तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्कच लावा.

नवी फळी कापलेल्या कडेला भिडवायची नाही. ८ ते १० मिमी फट सोडायची आणि ती बीडिंगने, म्हणजे बारीक सजावटी पट्टीने, झाकायची. बीडिंग कपाटाच्या पट्टीला ठोका, जमिनीला नाही, नाहीतर पावसाळ्यात फळ्या फुगल्यावर त्यांना हलायला जागा उरत नाही.

फळ्या काढणं

शेवटी बसवलेली ओळ शोधा. बहुधा ती भिंतीलगतची लांबीत चिरलेली, अरुंद ओळ असते. तिथून सुरुवात करा. भिंतीकडची कड वर उचलली की लांब सांधा सुटतो. फळ्यांच्या टोकांकडच्या आडव्या सांध्यांत प्लास्टिकची जीभ असेल तर तिथे वाकवू नका. पूर्ण ओळ सोडवून जमिनीवर ठेवा आणि फळ्या एकमेकींतून बाजूला सरकवा. उलट्या बाजूने सुरुवात केली तर सांधे तुटतात. फळ्या टाकूनच द्यायच्या असतील तर त्याचं वाईट वाटायचं कारण नाही.

खालची फरशी

फोम गुंडाळून काढा. चिकटलेला टेप आणि सिलिकॉन पुट्टीची पट्टी आडवी धरून खरवडा. खाली संगमरवर किंवा कोटा असेल तर अॅसिडची बाटली उघडूसुद्धा नका. दोन्ही दगड चुन्याचे, अॅसिडने त्यांचा पृष्ठभाग खाल्ला जातो. सफाईवाला "चकाचक करून देतो" म्हणाला तरी नाही म्हणा.

मग ओल तपासा. साधारण दीड फूट चौरस जाड प्लास्टिकचा तुकडा फरशीच्या सांध्यावर येईल असा ठेवा आणि चारही कडा टेपने बंद करा. किमान १६ तास ठेवायचा असतो, मी पूर्ण दिवस-रात्र ठेवतो. आतून थेंब जमले किंवा सांधा काळपट झाला तर नवं फ्लोअरिंग थांबवा. आधी बाथरूमची गळती किंवा बाल्कनीचा उतार बघा. तळमजल्यावर आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीपाशी ही चाचणी टाळूच नका. सोबत दोन मीटरची सरळ पट्टी फिरवा. खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर तो खड्डा भरून घ्या.

काढलेल्या फळ्या

१२० चौरस फुटांच्या खोलीतून ८ मिमीच्या फळ्यांचं ७०-८० किलो वजन निघतं. लिफ्टसाठी सोसायटीला आधी सांगून ठेवा. भंगारवाला त्या सहसा घेत नाही, त्यामुळे मलबा उचलणाऱ्याशीच ठरवा. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: वॉचमन बंबासाठी किंवा चुलीसाठी मागतील, त्यांना देऊ नका. लाकडासारख्या दिसल्या तरी त्या गोंदाने दाबलेल्या भुशाच्या फळ्या आहेत. त्यांचा धूर विषारी असतो आणि तो त्यांच्या खोलीत, लेकराबाळांच्या नाकात जातो. हे त्यांना समजावून सांगा आणि फळ्या त्याच दिवशी हलवा.

नव्या फळ्यांच्या पेट्या त्याच खोलीत आडव्या ठेवा, भिंतीला टेकवून उभ्या नकोत. ४८ तासांनी उघडा.