थीसिसचं फॉरमॅटिंग हाताने करू नका, स्टाइल्स वापरा

सगळ्यात आधी डिपार्टमेंटची गाइडलाइन नीट वाचा, सीनियरच्या जुन्या फाइलवर जाऊ नका, नियम मधल्या काळात बदललेले असू शकतात. साधारण ए-४ पान, १२ पॉइंट फॉन्ट, दीड किंवा डबल स्पेसिंग असतं आणि डावीकडचा मार्जिन जास्त, बऱ्याचदा दीड इंच, कारण बाइंडिंगमध्ये तेवढी जागा जाते.

आता वर्डमध्ये हेडिंग सिलेक्ट करून बोल्ड कर, साइज वाढव, असं प्लीज करत बसू नका. चॅप्टरच्या नावाला हेडिंग १, आतल्या भागांना हेडिंग २ ही स्टाइल लावा, दिसायला वेगळं हवं असेल तर स्टाइलवर राइट क्लिक करून मॉडिफाय, मग अख्ख्या फाइलमध्ये एकदम बदलतं आणि अनुक्रमणिका पण आपोआप बनते. हे लिहायला बसतानाच केलं तर शेवटचे दिवस खरंच वाचतात.

पेज नंबरला बहुतेक जण अडकतात. टायटल पेजवर नंबर नको, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वगैरेला छोटे रोमन आकडे आणि इंट्रोडक्शनपासून १, असं सहसा मागतात. त्यासाठी साधा पेज ब्रेक चालत नाही, लेआउटमधून सेक्शन ब्रेक (नेक्स्ट पेज) टाका, मग नव्या सेक्शनच्या फूटरमध्ये जाऊन आधी 'लिंक टू प्रीव्हियस' बंद करा, नाहीतर टायटल पेजवरचा नंबर काढलात की पुढच्या सगळ्या पानांवरचा पण जातो. त्यानंतर फॉरमॅट पेज नंबर्समध्ये 'स्टार्ट अ‍ॅट' १.

टेबलचं कॅप्शन वर, फिगरचं खाली. नंबर हाताने टाइप न करता इन्सर्ट कॅप्शन वापरा आणि मजकुरात क्रॉस-रेफरन्स (त्या टेबल-फिगरच्या नंबरशी जोडलेला उल्लेख) द्या, म्हणजे मध्येच एक ग्राफ वाढला तरी कंट्रोल-ए, एफ-९ दाबलं की सगळे नंबर सरकतात. फोटो ३०० डीपीआयचे ठेवा.

सायन्सवाल्यांनी हे पण बघा: आकडा आणि युनिटमध्ये स्पेस हवी, तीही कंट्रोल-शिफ्ट-स्पेसने, नाहीतर ओळीच्या शेवटी २५ राहतं आणि मिलिलिटर खालच्या ओळीत जातं. जीवांची शास्त्रीय नावं इटॅलिक, पहिल्यांदा पूर्ण आणि नंतर ई. कोलाय असं छोटं. व्हेरिएबल इटॅलिक, युनिट सरळ.

पीडीएफ करायच्या आधी फील्ड्स (वर्ड आपोआप भरतं ते नंबर, अनुक्रमणिका वगैरे) अपडेट करून फाइलमध्ये 'एरर!' हा शब्द सर्च करा, तुटलेले क्रॉस-रेफरन्स तिथेच सापडतात.