इन्व्हर्टर पीं पीं करतोय? स्विच बंद करायच्या आधी हे बघा

इन्व्हर्टर बोंबलायला लागला की पहिला हात स्विचवर, आवाज बंद, विषय संपला! अहो पण तो का ओरडतोय ते डिस्प्लेवर किंवा लाल दिव्याखाली लिहिलेलं असतं, ते वाचा आधी.

१. लाईट खरंच गेलीय का? शेजारी लाईट आहे आणि तुमचाच बॅटरीवर चाललाय, तर मशीनच्या मागचा फ्यूज किंवा एमसीबी उडालाय का आणि प्लग सैल आहे का बघा.

२. ओव्हरलोड असेल तर कुणीतरी मिक्सर नाहीतर इस्त्री लावलेली असणार, ती काढा आणि समोरच्या स्विचने एकदा बंद-चालू करा. ९०० व्हीएच्या (व्हीए म्हणजे मशीनवर लिहिलेली क्षमता) मशीनवर ९०० वॅट चालत नाहीत, ७०० च्या आतच ठेवा.

३. लो बॅटरी. लाईट जाऊन चार तास झालेत तर ओरडणारच, पंखे बंद करा, एक बल्ब आणि राऊटर ठेवा. १२ व्होल्टची बॅटरी साडेदहाच्या आसपास आली की मशीन स्वतःच बंद होतं, मग परत परत चालू करून तिला पिळू नका, आयुष्य तिथंच कमी होतं.

पण रात्रभर चार्ज होऊनही दहा मिनिटांत लो दाखवतेय तर पाणी बघा. फ्लोट (बॅटरीवरचे पाण्याची पातळी दाखवणारे दांडे) खाली गेलेत? डिस्टिल्ड वॉटरच घाला, खुणेपर्यंतच, आरओचं चालत नाही आणि ॲसिड तर अजिबात नाही. टर्मिनलवर, म्हणजे बॅटरीला वायर जोडतात त्या टोकांवर, पांढरं-हिरवं साचलं असेल तर मशीन बंद, प्लग काढलेला, हातातली अंगठी-बांगडी काढलेली, डोळ्याला चष्मा, आणि मग काळी वायर आधी सोडायची, लाल नंतर. खायच्या सोड्याचं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश, फक्त ते पाणी झाकणातून आत जाता कामा नये. कोरडं पुसा, लाल आधी जोडा मग काळी, नट घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे समई, उदबत्ती तिथून लांबच, खिडकी उघडी.

४. सडक्या अंड्यासारखा वास येतोय किंवा बॅटरी फुगलीय, तर स्वतः काही खोलू नका. खिडक्या उघडा, मेन बोर्डवरून सप्लाय बंद करा आणि बॅटरीवाल्याला बोलवा. बदलायचीच वेळ आली तर जुनी भंगारवाल्याला देऊ नका, नवीन घेताना दुकानदार तिचे पैसे बिलातून वजा करतो.