पायातील गुठळी आणि दाहाचे आकडे: रिपोर्ट कसा वाचावा

एका पायाची पोटरी सुजते, दाबली की दुखते आणि डॉपलर सोनोग्राफीत खोल नीलेत रक्ताची गुठळी दिसते. त्यानंतर फाइलमध्ये रक्ततपासण्यांचे कागद भराभर जमू लागतात आणि घरच्यांची नजर सीआरपी (दाह असताना वाढणारे प्रथिन), ईएसआर (तांबड्या पेशी नळीत तळाशी बसण्याचा वेग) व डी-डायमर यांच्या पुढे छापलेल्या ठळक आकड्यांवर खिळते. ते वाचण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी, ती म्हणजे गुठळीचे निदान सोनोग्राफीसारख्या तपासणीने होते, दाहाच्या आकड्यांनी होत नाही.

दाह, म्हणजे इजा वा संसर्गाला शरीराने दिलेली प्रतिक्रिया, आणि गुठळी एकमेकांना खतपाणी घालतात. दाह असला की मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवर टिश्यू फॅक्टर हे प्रथिन येते आणि रक्त गोठण्याची साखळी सुरू होते. न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी स्वतःच्या डीएनएची जाळी बाहेर फेकतात आणि तीत प्लेटलेट अडकतात. उलट बाजूने, तयार झालेली गुठळी नीलेच्या भिंतीला डिवचते आणि इंटरल्यूकिन-६ या रेणूच्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी तयार करू लागते. म्हणूनच वाढलेला सीआरपी गुठळीचे कारण आहे की परिणाम, हे एका कागदावरून ठरवता येत नाही.

सीआरपी वाचताना सर्वप्रथम एकक पाहावे. समजा, सोमवारी एका लॅबने ३.२ हा आकडा दिला आणि गुरुवारी दुसऱ्या लॅबने २६ दिला. घरात लगेच घबराट होते की आजार आठपट वाढला. परंतु पहिला आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, म्हणजे ३२ मिलिग्रॅम प्रति लिटर असेल आणि दुसरा प्रति लिटरचाच असेल, तर सीआरपी प्रत्यक्षात उतरला आहे. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करावी, हे त्यासाठीच. सीआरपी काही तासांत चढतो, साधारण दोन दिवसांत शिखर गाठतो आणि कारण शमले की झपाट्याने उतरतो. उपचार चालू असूनही तो चढतच राहिला, तर त्वचेखालचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया असे दुसरे कारण डॉक्टर शोधतात.

ईएसआर मात्र संथ गतीचा असतो. रक्तात फायब्रिनोजेन हे गोठण्यास लागणारे प्रथिन वाढले की तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर रचल्या जातात आणि नळीत लवकर तळाशी बसतात. हा आकडा वयाने आणि रक्तक्षयानेही वाढतो, आणि आपल्याकडे स्त्रियांमध्ये रक्तक्षय सर्रास आढळत असल्यामुळे केवळ ईएसआर पाहून धास्तावण्यात अर्थ नाही.

डी-डायमरविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत. तो दाहाचा थेट मापक नव्हे. गुठळीतील फायब्रिन हे धाग्यांसारखे प्रथिन विरघळताना निघणारा तो तुकडा आहे. गुठळीची शक्यता मुळात कमी असलेल्या व्यक्तीत तो ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली आला, तर गुठळी बहुतांशी नाकारता येते, आणि पन्नाशीनंतर ही मर्यादा वयाच्या दहापट धरण्याची पद्धत आहे, म्हणजे ७० वर्षांच्या व्यक्तीसाठी ७००. डी-डायमर एफईयू किंवा डीडीयू या एककात छापला जातो आणि ही मर्यादा एफईयू एककातील आहे. डीडीयू एककात तोच आकडा जवळपास निम्मा येतो, म्हणून ती तीन अक्षरे अवश्य शोधावीत. वाढलेला डी-डायमर मात्र गुठळी सिद्ध करत नाही, कारण गर्भारपण, शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, कर्करोग आणि नुसते वाढलेले वय यांतही तो वाढतो. निदान झाल्यावर दर आठवड्याला तो तपासत बसणे म्हणजे, माझ्या मते, पैशांचा अपव्यय होय.

गुठळी ताजी असताना ‘रक्त गोठण्याचा दोष आनुवंशिक आहे का’ ही मोठी तपासणी करून घेण्याचा आग्रह धरू नये. त्या काळात दाहामुळे फॅक्टर आठ हे रक्त गोठवणारे प्रथिन वाढलेले असते, गुठळीवरच्या हेपरिन या औषधामुळे अँटिथ्रॉम्बिन कमी दिसू शकते आणि वॉर्फरिन या औषधामुळे प्रोटीन सी व प्रोटीन एस खाली येतात; ही तिन्ही गोठणे आवरणारी प्रथिने आहेत. परिणामी निरोगी माणसालाही दोषी ठरवणारा रिपोर्ट हाती पडू शकतो.

प्रत्येक रिपोर्टच्या कोपऱ्यात तारीख, त्या दिवशी चालू असलेले औषध व त्याची मात्रा, ताप होता का आणि मागील पंधरवड्यात शस्त्रक्रिया वा मोठी जखम झाली होती का, एवढे पेनाने लिहून ठेवावे. अचानक धाप लागली, छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर कोणत्याही रिपोर्टची वाट न पाहता थेट रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा आणि ही फाइल सोबत न्यावी.