डिअर लॉजच्या ग्रँट-कोर्स रँचवर थांबा घेताना

सिएटल किंवा स्पोकेनहून मोटारीने यलोस्टोनला निघालेल्या बऱ्याच मराठी कुटुंबांची वाट इंटरस्टेट 90 वरून जाते, आणि माँटानातील मिझुला सोडल्यावर सुमारे 130 किलोमीटरवर डिअर लॉज हे लहानसे गाव लागते. पाय मोकळे करायला तेथे थांबणारे पुष्कळ असतात. पण गावाच्या उत्तर कडेला असलेली ग्रँट-कोर्स रँच घाईत उरकण्यासारखी जागा नाही. अमेरिकेतील गुरांचा धंदा मोकळ्या कुरणावरून कुंपणाच्या आत कसा आला, हे ती जितके स्पष्ट दाखवते तितके क्वचितच कुठे दिसते. मुक्कामांचे वेळापत्रक आखतानाच तिच्यासाठी निदान तीन तास राखून ठेवावेत.

184 क्रमांकाच्या फाट्यावर महामार्ग सोडावा. प्रवेशाला शुल्क नाही. आत गेल्यावर सर्वप्रथम स्वागत-कक्षात जाऊन मालकांच्या मोठ्या घराच्या फेरीसाठी नाव नोंदवावे, कारण ते घर रेंजरच्या सोबतीनेच पाहता येते आणि एका फेरीत मोजकीच माणसे घेतात. फेऱ्यांच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्यामुळे निघण्यापूर्वी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर त्या पाहून घ्याव्यात. फेरीला अवकाश असेल तर आधी गोठे, तबेले आणि लोहारशाळा पाहाव्यात. माझ्या मते हाच क्रम योग्य आहे, कारण धंदा समजल्यानंतर त्याच्या कमाईतून उभे राहिलेले घर अधिक चांगले कळते.

या धंद्याची सुरुवात जॉनी ग्रँट या मेटी (युरोपीय आणि मूळ रहिवासी अशा मिश्र वंशाच्या) व्यापाऱ्याने केली. ऑरेगॉनच्या वाटेने पश्चिमेकडे जाणाऱ्या स्थलांतरितांचे बैल चालून चालून खंगलेले असत. असे दोन बैल घेऊन त्याबदल्यात तो एक धडधाकट बैल देई, आणि घेतलेली जोडी डोंगराळ खोऱ्यातल्या गवतावर पोसून पुढच्या हंगामात पुन्हा अदलाबदलीला काढी. 1862 मध्ये त्याने येथे घर बांधले आणि 1866 मध्ये ते कॉनराड कोर्सला विकले. आजच्या उत्तर जर्मनीतील होल्स्टाइनहून आलेला कोर्स सोन्याच्या खाणींच्या वस्त्यांमध्ये मांस विकत असे. पुढे जॉन बीलेनबर्ग या सावत्र भावाच्या साथीने त्याने धंदा इतका वाढवला की भरभराटीच्या काळात त्यांची सुमारे 50,000 गुरे जवळपास एक कोटी एकर मोकळ्या कुरणावर चरत होती. त्यातली बहुतांश जमीन त्यांच्या मालकीची नव्हती, हे आवर्जून ध्यानात ठेवावे.

ही व्यवस्था 1886-87 च्या हिवाळ्यात कोसळली. आधीचा उन्हाळा कोरडा गेला होता आणि कुरणांवर गुरांची दाटी झाली होती. त्यात बर्फ पडून वितळले, पुन्हा गोठले आणि गवतावर असा कडक थर बसला की गुरांना तोंड घालता येईना. असंख्य गुरे भुकेने मेली आणि अनेक मालक बुडाले. ब्यूट या जवळच्या खाणशहराचा बँकर ए. जे. डेव्हिस याने तारण न घेता दिलेल्या एक लाख डॉलर कर्जाच्या बळावर कोर्स तगला. यानंतर या भागातल्या पशुपालकांना हिवाळ्यासाठी चारा साठवणे आणि कुंपण घालणे भाग पडले. म्हणूनच येथे गवत रचण्याचे अवजार नीट पाहावे. बीव्हरस्लाइड नावाचा हा उंच, उतरता लाकडी सांगाडा आहे. घोड्यांनी दोर ओढला की गवताचा भारा त्यावरून वर चढतो आणि माथ्यावरून पलीकडे गंजीवर कोसळतो. आपल्याकडे कडब्याची गंजी रचताना माणसे हातोहात पेंढ्या वर देतात, तेच काम येथे घोडे करतात.

मुलांना चकवॅगनपाशी थोडा वेळ रमू द्यावे. गाडीच्या मागच्या बाजूला खणांची पेटी असते आणि तिचे झाकण खाली उघडले की त्याचाच ओटा होतो. गुरांमागे रानोमाळ फिरणाऱ्या काउबॉयांचे सगळे स्वयंपाकघर एवढेच. त्यांच्या राहण्याच्या साध्या खोल्या पाहून मग मोठ्या घरात गेल्यास ऑगस्टा कोर्स यांनी सजवलेला दिवाणखाना आणि 1890 मध्ये जोडलेला विटांचा भाग पाहताना मालक आणि चाकर यांच्यातले अंतर सांगावे लागत नाही. घरातले सामान कुटुंबाचेच आहे; कोर्स यांचे नातू कॉनराड वॉरन यांनी ते जपले आणि 1972 मध्ये ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली.

येथे आजही गुरे आणि घोडे पाळले जातात, त्यामुळे काही पथ्ये काटेकोर पाळावीत. फाटक उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंदच ठेवावे, वासरू व गाय यांच्या मध्ये जाऊ नये आणि कुंपणातून हात घालून जनावराला खाऊ घालू नये. ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे 1,380 मीटर उंचीवर असल्याने ऊन चटकन लागते; टोपी, पाणी आणि बंद बूट सोबत असावेत.

क्लार्क फोर्क नदीकाठी आखलेली पायवाट सोडून जाऊ नये. वरच्या अंगाला असलेल्या ब्यूट आणि अ‍ॅनाकोंडा येथील तांब्याच्या खाणी व भट्ट्यांचा विषारी गाळ पुरांनी, विशेषतः 1908 च्या महापुराने, या काठांवर आणून टाकला आणि तो काढण्याचे मोठे काम सरकारला हाती घ्यावे लागले. पुढचा प्रवास ब्यूटवरून असेल तर तेथील बर्कली पिट ही खाण त्याच दिवशी पाहावी. अंतर तासाभराचेही नाही.