मत्स्यबीज सोडताना आणि वाढवताना पाण्याचं तापमान कसं सांभाळावं

रोहू, कटला, मृगळ यांच्या पिल्लांसाठी २५ ते ३० अंश सेल्सिअस पाणी उत्तम, हे बरोबरच आहे. पण नवीन सोडलेलं बीज (म्हणजे हीच पिल्लं) दगावतं ते बहुतेक वेळा अचानक बदलामुळे. मासा शीतरक्ताचा. पाणी जेवढं गरम, तेवढंच त्याचं अंग गरम. २२ अंशांत रुळलेलं पिल्लू हळूहळू ३० अंशांतही छान जगतं, पण त्याला एका झटक्यात तिकडे टाकलं तर श्वास, हालचाल, तोल सगळंच कोलमडतं.

तापमान थर्मामीटरने मोजा. हात बुडवून अंदाज बांधू नका. सकाळी एकदा आणि दुपारी तीनच्या सुमारास एकदा, रोज त्याच जागी मोजून वहीत लिहा.

आता बीज सोडण्याचा टप्पा. बीज पाणी भरलेल्या बंद प्लास्टिकच्या पिशवीतून येतं. मला सगळ्यात जास्त यानेच छळलं आणि सगळ्यात वाईट सल्लेही याच टप्प्यावर मिळतात. 'पिशवी पंधरा मिनिटं तरंगत ठेवा आणि सोडा' हे सांगणाऱ्याने पिशवीत किती पाणी आहे, फरक किती आहे, याचा विचारच केलेला नसतो. लहान पिशवी पंधरा मिनिटांत जुळते, मोठ्या पिशवीला दुप्पट वेळही कमी पडू शकतो. तेव्हा घड्याळ विसरा. पिशवीतलं आणि बाहेरचं पाणी यांत दोन अंशांपेक्षा कमी फरक उरेपर्यंत थांबा.

पिशवी सावलीत ठेवा. उन्हात बंद प्लास्टिकची पिशवी तळ्यापेक्षाही जास्त तापते आणि फरक कमी व्हायचा तो वाढतो. दुसरी गोष्ट जवळपास कोणीच सांगत नाही. दुपारी तळ्याचा वरचा थर तापलेला असतो आणि खाली गार पाणी असतं. पिशवी तरंगते वरच्या थरात, म्हणून तिचं पाणी त्या थराशी जुळतं. पिल्लं मात्र सुटल्याबरोबर खाली सूर मारतात आणि तिथे त्यांना गारठ्याचा धक्का बसतो. म्हणून वर आणि हातभर खाली, दोन्हीकडे मोजा. मी बीज नेहमी सकाळी, सूर्य वर येऊन थोडा वेळ झाल्यावर सोडते. तेव्हा दोन्ही थरांतला फरक कमी असतो. अगदी पहाटे सोडू नये, कारण त्या वेळी पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो.

तापमान जुळवायचं ते पिशवी बंद असतानाच. लांबून आलेल्या पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पाणी आम्लधर्मी झालेलं असतं, त्यामुळे पिल्लांच्या विष्ठेतून आणि श्वासातून आलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, सामू (पीएच) चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तेव्हा उघडल्यावर तळ्याचं दोन-चार मग पाणी हळूहळू आत घाला, पिशवी आडवी करा आणि पिल्लांना आपण होऊन बाहेर जाऊ द्या. ओतू नका. निरोगी पिल्लं बाहेरून येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून पोहत निघतात. एका अंगावर कलणारी, गरगर फिरणारी किंवा पृष्ठभागाशी निश्चल लटकणारी दिसली तर बाकीच्या पिशव्या उघडू नका, पुन्हा मोजा.

त्यानंतर प्रश्न खाद्याचा. पाणी तापतं तशी भूक आणि वाढ दोन्ही वाढतात, पण एका मर्यादेपर्यंतच. २० अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांत साडेसात. म्हणजे पिल्लाची गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. पाणी ३२-३३ अंशांच्या वर गेलं की मी खाद्य निम्म्यावर आणते. पिल्लं तोंड वर काढून हवा घेत असतील तर खाद्य बंद, आधी हवा खेळवणारं यंत्र लावा.

थंडीत उलटं. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की पचन मंदावतं, पिल्लं तळाशी गोळा होतात. तेव्हा थोडंच खाद्य द्या, तेही पाणी कोमट झाल्यावर, दुपारी. १५ अंशांच्या आसपास जवळजवळ बंदच ठेवा, कारण न खाल्लेलं खाद्य तळाशी सडतं. अचानक गारवा पडल्यावर अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात का, तेही बघत राहा.

टाकीत पाणी बदलताना नवीन पाणी जुन्याच्या तापमानाचं करून घ्या. बर्फ टाकून पाणी गार करायला जाऊ नका. ट्राउट पाळत असाल तर वरचे आकडे तुमच्यासाठी नाहीत. तो थंड पाण्याचा मासा आहे, २० अंशांच्या वर पाणी गेलं की त्याची घालमेल सुरू होते.