शाळेत रद्दी-भंगार वेगळं करायचंय? डबे सगळ्यात शेवटी आणा

डबे आणू नका. निदान पहिला महिनाभर तरी.

कराड तालुक्यातल्या एका गावात, पाचवी ते दहावीच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. पट चारशेच्या आसपास. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली, सगळीकडे तोच विषय होता, तेव्हा एका हौशी माजी विद्यार्थ्याने शाळेला हिरवे-निळे सहा डबे दिले. नारळ फोडला, फोटो काढले, पोरांकडून शपथ म्हणवून घेतली. दिवाळीपर्यंत एक डबा शिपाईकाकांनी झाडांना पाणी घालायला नेला होता. उरलेल्या पाचांतलं ओलं-सुकं सगळं झाडलोटीच्या मावशी शाळेमागच्या खड्ड्यात ओतायच्या आणि काडी लावायच्या. त्यांचा काय दोष? निळ्या डब्यातला माल पुढे कुठे न्यायचा, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण, मलाच माहीत नव्हतं.

मधे करोनाची दोन वर्षं गेली. २०२२ च्या जूनमध्ये पुन्हा हात घातला तो उलट्या टोकाने. ते आजपर्यंत चाललंय, म्हणून त्याच क्रमाने लिहिते.

आधी भंगारवाल्याकडे जा

एकट्या जाऊ नका, दोन-चार मोठी पोरं बरोबर घ्या. मी नववीतले चौघे नेले होते. दुकानदार आधी बिचकला, त्याला वाटलं बाई कसली तरी चौकशी करायला आल्यात. चहा झाल्यावर मोकळा झाला. त्याला विचारायचं एवढंच: काय काय घेता, कसं वेगळं केलेलं हवं, किती किलो झालं की टेम्पो पाठवता, आणि पावती देता का?

त्या तासाभरात पोरं जे शिकली ते माझ्या वर्गात वर्षभरात शिकली नसती. वहीचा पांढरा कागद, वर्तमानपत्र आणि पुठ्ठा असे तीन वेगळे ढीग होते आणि तिन्हीचा भाव वेगळा. मिसळून आणलं की सगळ्याला सगळ्यात खालचा भाव. मग त्याच्याकडच्या बाईंनी प्लास्टिक कसं ओळखतात ते दाखवलं. एक पिशवी कानाजवळ धरून चुरगळली, दुसरी चुरगळली. एकीचा आवाज कागदासारखा चर्रचर्र, दुसरीचा जवळजवळ नाहीच. बाटलीच्या बुडाचा आकडा त्यांनी बघितलासुद्धा नाही, नखाने टिचकी मारली आणि योग्य पोत्यात भिरकावली. आम्ही पुस्तकी माणसं, आम्हाला आकडा लागतो. बुडाशी त्रिकोणात १ असेल तर पाण्याची बाटली ज्याची करतात ते प्लास्टिक, २ म्हणजे फिनेल-शाम्पूच्या बाटल्यांचं, ४ म्हणजे दुधाच्या पिशवीचं, ५ म्हणजे जेवणाच्या डब्याचं. तो त्रिकोण पाहून ‘म्हणजे हे रिसायकल होतं’ असं समजू नका. तो फक्त प्रकार सांगतो. घेणारा असेल तरच ते रिसायकल होतं.

वेफर्सची पाकिटं दाखवली तर दुकानदार हसला. ‘हे फुकट दिलं तरी नको, बाई.’ पाकिटाच्या आतली चंदेरी बाजू म्हणजे प्लास्टिकवर चढवलेला ॲल्युमिनिअमचा पातळ थर. हे थर सुटे करणं कुणाला परवडत नाही, म्हणून असला माल गेलाच तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातो. आमच्या शाळेत मोजदाद केली तेव्हा नगाने सगळ्यात जास्त हीच पाकिटं निघाली. त्यावर डबा ठेवून उपयोग नव्हता. गेटासमोरच्या दुकानदाराशी बोलून मधल्या सुट्टीत शेंगदाण्याचे लाडू आणि चिक्की ठेवायला लावली. पाकिटं बंद झाली नाहीत, पण निम्म्यावर आली.

पुण्यासारख्या शहरात असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. १९९३ साली डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ती निघाली. दारावर येणाऱ्या ताईंच्या मिळकतीतला मोठा भाग तुमच्या सुक्या कचऱ्यावरच असतो. तिथे शाळेने चांगला कागद स्वतः विकायचा आणि घाण तेवढी त्यांना द्यायची, हे मला पटत नाही. त्यांनाच विचारा काय कसं हवं, आणि नीट वेगळं करून त्यांनाच द्या. कराड शहरातही नगरपरिषदेची गाडी आहे; २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांत कराडचा देशात पहिला नंबर आला होता. आम्ही पडलो ग्रामपंचायत हद्दीत. आमच्याकडे गाडी म्हणजे भंगारवाल्याचा टेम्पो.

पाच दिवस नुसतं वजन करा

किराणा दुकानातून काटा मागून आणला. सोमवार ते शुक्रवार रोज शाळा सुटल्यावर आठवीच्या पोरांनी व्हरांड्यात जुनी सतरंजी अंथरून कचरा ओतला आणि वेगळा केला. हातमोजे घालून. काच, ब्लेड, औषधाच्या सुया आणि मुलींच्या स्वच्छतागृहातला कचरा यांना पोरांनी हात लावायचा नाही, हा नियम पहिल्या मिनिटापासून. पॅड कागदात गुंडाळून वेगळं द्यायचं, हे २०१६ पासून घनकचरा नियमांतच आहे. मुलींना ते बाईंनीच वेगळं बसवून सांगावं, फळ्यावर लिहू नये.

आमचं पाच दिवसांचं वजन: कागद साडेअकरा किलो, पुठ्ठा तीन, पाण्याच्या बाटल्या जेमतेम एक किलो, बाकी पाकिटं, रिकामे पेन, खडूचे तुकडे आणि पाचोळा. पोषण आहाराचं खरकटं वेगळंच होतं. त्याच्यासाठी मैदानाच्या कडेला विटांचा हौद केला. खिचडी नुसती टाकली की वास सुटतो आणि कुत्री येतात. एक बादली खरकट्यावर दोन-तीन बादल्या वाळका पाला घाला. खताबद्दल यापुढे लिहीत नाही, ते अख्खं वेगळं प्रकरण आहे.

हे आकडे पाहून आम्ही ठरवलं की पहिल्या वर्षी कागद आणि पुठ्ठा, बास. बाटल्या दुसऱ्या वर्षी घेतल्या. सगळं एकदम घेतलं असतं तर २०१८ च्याच खड्ड्यात पडलो असतो.

कागदपत्रं आधी, कागद नंतर

शाळेची रद्दी विकणं म्हणजे शाळेच्या मालमत्तेतून पैसा येणं. त्यामुळे शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या: काय विकणार, कोण सही करणार, पैसा कुठल्या खात्यात जाणार. मुख्याध्यापक नुसतं ‘हो करा’ म्हणाले तरी ठराव घ्याच. साहेब बदलतात, इतिवृत्त राहतं.

तीन गोष्टींना हात लावू नका. मोडके बाक आणि बंद पडलेले संगणक डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत असतात, निर्लेखन (म्हणजे त्या नोंदीतून रीतसर कमी करणं) झाल्याशिवाय त्यातला स्क्रूसुद्धा भंगारात जाऊ शकत नाही. तांदळाचं रिकामं बारदान मला रद्दी भरायला फार सोयीचं वाटलं होतं. त्याचाही हिशेब द्यावा लागतो, हे पोषण आहार बघणाऱ्या सरांनी वेळीच सांगितलं. आणि उत्तरपत्रिका. त्या किती काळ ठेवायच्या हे कार्यालयात विचारा, आणि मुदत संपल्यावरही नावाचं पान फाडूनच द्या. कुणाच्या तरी मुलाचे गणितातले चार मार्क भज्यांबरोबर बाजारात फिरायला नकोत.

‘आमच्या पोराला कचरा उचलायला लावता?’

दुसऱ्या आठवड्यात एक पालक गेटावरून तडक माझ्या वर्गात आले. मला आधी राग आला. पोटात शिरून ऐकलं तेव्हा कळलं की त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. आम्ही ‘जे तयार असतील ते’ म्हणून पोरं घेतली होती. तयार झालेली पोरं कोण होती? ज्यांच्या घरात कुणीतरी झाडूकाम करतं अशी दोन, आणि बाकी मागच्या बाकावरची. पहिल्या बाकावरच्यांनी हात वर केलेच नव्हते. कचऱ्याचं काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या माथी मारलं गेलं, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शाळेने ‘स्वेच्छेने’ म्हटलं की तेच पुन्हा आपोआप घडतं.

दुसऱ्या दिवसापासून हजेरीपटाच्या क्रमाने पाळी लावली. आठवड्याला चार जण, आणि त्यांच्याबरोबर एक शिक्षक, तोही क्रमानेच. सरांची पाळी आली की सरांनीच गठ्ठा उचलायचा, पोराला सांगायचं नाही. शिक्षा म्हणून हे काम कुणालाही द्यायचं नाही. एकदा दिलं की झालं, तुमचा उपक्रम त्या दिवशी संपला. ते पालक पुढच्या वर्षी समितीवर आले. विक्रीच्या दिवशी काट्याजवळ तेच उभे राहतात.

मावशींचंही आधी ठरवा. आमच्याकडे वर्गातला कागद रद्दीच्या खोलीपर्यंत नेणं हे पोरांचं काम आहे, मावशींचं नाही. त्यांच्या कामात भर पडली की त्या काडी लावणार आणि त्यांचं बरोबरच असणार.

आता डबे. म्हणजे खोकी

विकतचा डबा उघड्या तोंडाचा असतो, त्यात केळ्याची साल पडतेच. आम्ही वाण्याकडून बिस्किटांची रिकामी आडवी खोकी आणली, झाकण चिकटवलं आणि मतपेटीसारखी फट पाडली. फटीतून कागद सपाटच जातो. चुरगळून टाकता येत नाही, खरकटं टाकावंसं वाटत नाही. प्रत्येक वर्गात एक. खर्च चिकटपट्टीचा.

खोक्यावर ‘रिसायकल’ वगैरे लिहू नका. ‘दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद’ असं लिहा. शेजारी दुसरं खोकं: ‘एक बाजू कोरी’. हे दुसरं रद्दीत जात नाही, तासिकेच्या चाचण्यांना वापरतो. वहीच्या पिना काढत बसू नका, भंगारवाल्याचं त्यावर काही म्हणणं नसतं. पण प्लास्टिकचं कव्हर आणि स्पायरलची तार काढायलाच हवी. ओला, तेलकट आणि लॅमिनेशनचा कागद नको.

खरा पूर येतो एप्रिलात, वार्षिक परीक्षा संपली की. तेव्हा प्रत्येकाने जुन्या वह्या आणायच्या. दोनशे पानी मोठी वही साधारण पाव किलो भरते, आणि मागची कोरी पानं हमखास निघतात. पोरं गोल करून बसतात, मधल्या पिना चमच्याच्या दांड्याने उचकटतात, कोरी पानं सरळ करून दगडाखाली ठेवतात. गेल्या वर्षी त्यातून एकसष्ट कच्च्या वह्या निघाल्या, पुठ्ठा खोक्यांचा, शिवण शिवणकामाच्या बाईंची. मधे सरकारने पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली होती, २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला. त्या पुस्तकांतली न वापरलेली पानंही याच ढिगात आली.

विक्रीचा दिवस

टेम्पो यायच्या आधी आपलं वजन आपण करा आणि प्रत्येक गठ्ठ्यावर खडूने लिहा. पहिल्या वेळी आमच्या काट्यावर ४७ किलो भरलं, त्यांच्या काट्यावर ४४. सातवीतली एक मुलगी म्हणाली, ‘काका, आमच्या काट्यावर तुम्हीच उभे राहा, मग तुमच्यावर.’ ते उभे राहिले. दोन काट्यांत दोन किलोंचा फरक पडला. हसले, आणि ४७ चे पैसे दिले. १३ रुपयांच्या दराने ६११. दर सारखा खालीवर होतो, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या, आणि जमल्यास दुसऱ्या एकालाही विचारा.

पावतीची रक्कम त्याच दिवशी फलकावर लिहायची. पैशाचं काय करायचं ते विद्यार्थी मंत्रिमंडळाने ठरवायचं, आपण सुचवायचंही नाही. मला प्रयोगशाळेला परीक्षानळ्या हव्या होत्या. त्यांनी व्हॉलीबॉल घेतला.

खोली

जिन्याखालची जागा मिळाली तरी पुरे, पण गठ्ठे जमिनीवर ठेवू नका. खाली विटा, वर फळी, भिंतीपासून वीतभर अंतर. आमच्याकडचा पाऊस भिंतीतून येतो. भिजलेला गठ्ठा जड भरेल म्हणून खूश होऊ नका, भंगारवाला बोट खुपसून बघतो आणि घट धरतो. दाराची चावी मावशींकडे एक आणि पाळीच्या शिक्षकांकडे एक.

आणि दिवाळीच्या सुट्टीआधी खोली रिकामी करा, वजन कितीही कमी असो. आम्ही एकदा ‘आणखी दहा किलो झालं की बोलावू’ म्हणून ठेवलं. सुट्टीनंतर कुलूप काढलं तर दहावीच्या विज्ञानाच्या गठ्ठ्यात उंदरीण व्यालेली. सहा गुलाबी पिल्लं, आणि खाली प्रकाशाच्या अपवर्तनाचा चुरा. पोरांनी ती खोली आठवडाभर उघडू दिली नाही.