दुर्गम लहान गावात राहायला जाण्याआधी गाव कसं पारखावं

शांतता, स्वच्छ हवा, स्वस्त घरं हे सगळं खरंच असतं. पण आडबाजूच्या गावात बहुतेक सोयी एकेकच असतात: एक रस्ता, एक डॉक्टर, एक शाळा. म्हणून प्रत्येक सोयीपुढे एकच प्रश्न लावून धरा: ही बंद पडली तर दुसरं काय?

१. सगळ्यात वाईट ऋतूत जा. पर्यटकांच्या हंगामात कुठलंही गाव छान दिसतं. जिथे दरड कोसळते, घाट बर्फाने बंद होतो किंवा विहिरी आटतात, तिथे नेमकं त्याच दिवसांत आठवडाभर राहा. रस्ता गेल्या वर्षी किती दिवस बंद होता, वीज सलग किती तास गेली होती, हे दुकानदाराला आणि बसच्या ड्रायव्हरला विचारा. घर विकणाऱ्याच्या उत्तरावर थांबू नका.

२. दवाखान्याचं अंतर तासांत मोजा. माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही मेंदूचा स्कॅन झाल्यावर. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी (हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी फुग्याने उघडणं) होण्यासारखी नसेल, तर बहुतेकदा आधी गुठळी विरघळवणारं औषध देतात. तेव्हा स्कॅनची सोय असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं, गावच्या दवाखान्यात ईसीजी निघतो का, रात्री कोण हजर असतं, हे स्वतः जाऊन विचारा. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाहून येत असेल तर तिचा येण्याचा वेळही धरा. आणि तो रस्ता एकदा अंधारात गाडी चालवून बघाच. नॉर्वेच्या स्वालबार बेटांवरच्या लाँगइयरब्येन गावात रुग्णालय असूनही गरोदर बायकांना बाळंतपणासाठी मुख्य भूमीवर जावं लागतं. नुसती पाटी बघून भागत नाही.

३. पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे फ्लोराइडची १.५ आणि नायट्रेटची ५० मिलिग्रॅम ही मर्यादा दिली आहे. पाणी उकळून यातलं काहीच जात नाही.

४. इंटरनेट संध्याकाळी, सगळे ऑनलाइन असताना तपासा. सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाचं कनेक्शन असेल तर बोलताना समोरच्याचं उत्तर अर्धा सेकंद तरी उशिरा येतं. घरून काम करणाऱ्याला ते फार जाचतं.

५. गाव कशावर जगतं ते शोधा. एकाच खाणीवर किंवा कारखान्यावर पोट असलेलं गाव ती बंद झाली की झपाट्याने ओस पडतं. शाळेचा गेल्या पाच वर्षांचा पट मागून बघा. तो उतरत असेल तर पुढे शाळा, मग बस, मग दुकान जाण्याची भीती असते.

६. बाहेरून येऊन स्थिरावलेल्यांशी बोला, आणि सोडून गेलेल्यांशी नक्की बोला. काही जण कामासाठी गेलेले असतात, काही एकटेपणामुळे. एकटेपणामुळे गेलेल्यांचं मनापासून ऐका.

एवढं करूनही मन तिथेच ओढत असेल तर पहिलं वर्ष भाड्याने राहा, आणि तोवर जुनं घर विकू नका.